बॉयलरचा ऑइल बर्नर : नोझल, फोटोसेल आणि रिसेटचं ते लाल बटण

हॉटेलातली पांढरीशुभ्र चादर, पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध, औषधाच्या गोळ्यांची स्ट्रिप. या तिन्ही गोष्टी तुमच्यापर्यंत येण्याआधी कुठे ना कुठे वाफ लागते. वाफ बॉयलर देतो आणि बॉयलरला आग देतो बर्नर. बॉयलरची टाकी सगळ्यांना दिसते. तिच्या तोंडाला बसवलेला, घरघर आवाज करणारा बर्नर मात्र बंद पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

माझं काम बर्नर सर्व्हिसिंगचं. डेअऱ्या, लॉन्ड्र्या, छोट्या फूड कंपन्या असं एमआयडीसीतून एमआयडीसीत फिरणं. आयटीआय करून बॉयलर हाउसमध्ये लागलेली बरीच मुलं मला एकच प्रश्न विचारतात, "दादा, याचं मेंटेनन्स म्हणजे नक्की करायचं काय?" त्याचं उत्तर आज सविस्तर बघू. तुम्ही या क्षेत्रात नसलात तरी वाचा. तेल नीट जाळणं वाटतं तेवढं सोपं नाही, हे कळलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

तेल जळत नाही, तेलाचा धुरळा जळतो

आजीच्या काळातला पितळी पंपाचा स्टो आठवतोय? निदान ऐकला तरी असेल. पंप मारायचा, रॉकेल दाबाखाली बारीक छिद्रातून बाहेर यायचं आणि निळा जाळ लागायचा. बर्नरचं तत्त्व त्याच्या जवळचंच आहे. फरक एवढाच, की स्टोमध्ये रॉकेलची तापून वाफ व्हायची. बर्नरमध्ये तेलाचा फवारा होतो.

डिझेल किंवा एलडीओ बादलीत असताना पटकन पेटत नाही. तेच तेल धुक्यासारखं बारीक केलं की थेंबाथेंबाला हवा मिळते आणि ते झटकन जळतं. हा फवारा करण्याचं काम नोझलचं. द्राक्षबागेत औषध मारताना फवारणी पंपाचं नोझल पाहिलं असेल, तर कल्पना येईल. नोझल चांगलं असेल तर पानावर दव पडतं, खराब असेल तर पिचकारी उडते. बर्नरमध्ये पिचकारी उडाली की काजळी धरलीच म्हणून समजा.

प्रेशर जेट प्रकारच्या बर्नरमध्ये घटनाक्रम असा असतो :

1. मोटर सुरू होते. तिच्याच शाफ्टवर पंखा आणि तेलाचा पंप असतो.
2. सुरुवातीला नुसती हवा जाते. भट्टीत आधीची तेलाची वाफ राहिली असेल तर ती बाहेर काढण्यासाठी. याला प्री-पर्ज म्हणतात.
3. दोन इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी पडायला लागते. इग्निशन ट्रान्सफॉर्मर त्यासाठी हजारो व्होल्ट तयार करतो.
4. सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो, नोझलमधून तेल सुटतं आणि जाळ लागतो.
5. फोटोसेलला जाळाचा उजेड दिसतो आणि तो कंट्रोलरला कळवतो, 'लागला'. बर्नर चालू राहतो.
6. ठरलेल्या काही सेकंदांत उजेड दिसला नाही, तर कंट्रोलर तेल बंद करतो आणि लाल दिवा लावून थांबतो. याला लॉकआउट म्हणतात. हाताने रिसेट दाबल्याशिवाय तो पुढे जात नाही.

फोटोसेल म्हणजे काही अवघड वस्तू नाही. तुमचा फोन उन्हात गेला की स्क्रीन आपोआप उजळते ना? तिथेही उजेड ओळखणारा एक छोटा सेन्सरच असतो. बर्नरमधला त्याचा भाऊबंद. फक्त इथे तो चुकला तर स्क्रीन अंधारत नाही, भट्टीत तेल साचतं.

थोडा हिशोब

नोझलवर एक आकडा कोरलेला असतो, जीपीएच. म्हणजे 7 बार दाबाला तासाला किती अमेरिकन गॅलन तेल जाईल. एक गॅलन म्हणजे 3.785 लिटर. 10 चं नोझल असेल तर 7 बारला तासाला जवळपास 38 लिटर.

दाब दुप्पट केला तर तेल दुप्पट होत नाही, दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. 14 बारला तेच नोझल साधारण 53 लिटर सोडतं. म्हणून "स्टीम कमी पडतेय, जरा प्रेशर वाढव" असं कोणी म्हटलं, की आधी हवेचं काय करणार हे विचारायचं. एक किलो तेल पूर्ण जळायला सुमारे 14 किलो हवा लागते. म्हणजे बर्नर खरं तर तेलापेक्षा हवाच जास्त खातो. पावसाळ्यात पाणी आत येतं म्हणून बॉयलर हाउसच्या खिडक्या, झडपा बंद केल्या की दुसऱ्या दिवशी धुराडं काळं ओकायला लागतं, ते याचमुळे.

आता 53 लिटरचा आकडा लक्षात ठेवा. सेकंदाला किती? सुमारे 15 मिलिलिटर. जाळ लागलाच नाही आणि कंट्रोलरने 5 सेकंद वाट पाहून तेल बंद केलं, तर भट्टीत 75 मिलिलिटर तेल न जळता पडलं. एक कटिंग चहा. एवढ्याने सहसा काही होत नाही, पुढचं प्री-पर्ज वाफ काढून टाकतं. पण दहा वेळा रिसेट मारला तर? दहा कटिंग. तेही गरम विटांवर. आणि अकराव्या वेळी जाळ लागला, तर तो फक्त फवाऱ्याला लागत नाही.

एका साखळीची गोष्ट

एका कंपनीतून फोन आला, "बर्नर सारखा ट्रिप होतोय." पोचलो तेव्हा बर्नर चालू होता. अटेंडंट विशीतला पोरगा, बर्नरजवळ उकिडवा बसलेला. एका हातात फोटोसेल, दुसऱ्या हातात मोबाइल. प्री-पर्ज संपून ठिणगीचा आवाज आला, की तो मोबाइलची टॉर्च फोटोसेलवर मारायचा. कंट्रोलरला वाटायचं, जाळ लागला.

मी मेन स्विच पाडला. तो घाबरून म्हणाला, "दादा, प्रॉडक्शनवाले ओरडतात. वाफ नाही तर माल अडकतो. असं केलं की चालू होतो."

"आणि आत जाळ विझला तर तेल कोण बंद करणार?"

तो टॉर्चकडे बघत राहिला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आदल्या शिफ्टवाल्याने ही युक्ती दाखवली होती, याने ती उचलली. टॉर्च चालू असेपर्यंत त्या बर्नरला विझलेला जाळही पेटलेलाच दिसणार होता. मिनिटाला पाऊण लिटरहून जास्त तेल तापलेल्या भट्टीत पडत राहिलं असतं, आणि भट्टीच्या दाराशी, हातभर अंतरावर, हाच बसलेला.

बर्नर गार झाल्यावर उघडला. मग एकेक कडी उलटी सापडत गेली :

- फोटोसेलची काच काजळीने काळी झाली होती. म्हणून जाळ असूनही त्याला दिसत नव्हता.
- काजळी आली कारण नोझलचा फवारा वाकडा पडत होता.
- फवारा वाकडा कारण नोझलच्या छिद्रात कोणीतरी पिन घातली होती.
- पिन घातली कारण नोझल तुंबलं होतं.
- नोझल तुंबलं कारण गाळणीची जाळी फाटली होती आणि डे-टँकच्या तळाचा गाळ कित्येक महिने काढला नव्हता.

टाकीच्या तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडून गाळ आणि पाणी काढायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कोणी दिली नाहीत, म्हणून शेवटी एक मुलगा टॉर्च घेऊन आगीसमोर बसला. मेंटेनन्स म्हणजे ही साखळी पहिल्या कडीलाच तोडणं. त्याच क्रमाने आता काम बघू.

हात लावण्याआधी

मेन स्विच बंद. नुसता बंद नाही, त्याला कुलूप किंवा 'काम चालू आहे' अशी पाटी. तेलाचा व्हॉल्व्ह बंद. बर्नर गार होऊ द्यायचा. फर्नेस ऑइल असेल तर लाइनमधलं तेल 100 अंशाच्या वर असू शकतं, त्याने भाजलं तर ते कातडीला चिकटून राहतं. हातमोजे, गॉगल आणि सुती कपडे हवेत. नायलॉनचा टी-शर्ट नको.

आणि फोन काढा. इथे तो खरोखर उपयोगी आहे. काहीही खोलण्याआधी चार बाजूंनी फोटो घ्या : इलेक्ट्रोड कसे आहेत, नोझल डिफ्यूझरपासून किती आत आहे, डॅम्परची खूण कुठे आहे, कोणती वायर कुठे लागते. जोडताना हेच फोटो कामाला येतात.

1. टाकी आणि गाळणी

डे-टँकच्या तळाशी पाणी आणि गाळ बसतो. तो रोज थोडा काढायचा, शक्यतो सकाळी बर्नर सुरू करण्याआधी, तेल निवळलेलं असताना. निघालेलं तेल गटारात सोडायचं नाही, वेगळ्या ड्रममध्ये साठवायचं.

गाळणी दर आठवड्याला उघडून डिझेलने धुवायची. जाळी उजेडात धरून बघायची. फाटलेली जाळी स्वच्छ असली तरी निरुपयोगीच, ती बदलायची. झाकण लावताना ओ-रिंग नीट बसवा. सक्शन बाजूला जरा फट राहिली तर तेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. मग जाळ थरथरतो, पंप कुरकुरतो आणि सगळे नोझलवर संशय घेतात.

2. पंप

पंपावरच्या प्रेशर गेजचा आकडा रोज लिहा. तो हळूहळू उतरत असेल तर गाळणी चोंदली असेल किंवा पंपाचे गिअर झिजले असतील. काटा नाचत असेल तर बहुधा लाइनमध्ये हवा आहे, ती एअर काढायच्या स्क्रूने काढा. मोटर फिरतेय पण प्रेशर शून्य, असं असेल तर मोटर आणि पंप यांच्यामधलं कपलिंग बघा. छोटंसं असतं, पण तुटलं की सगळं ठप्प.

3. नोझल

स्टोला पिन मारायची सवय आपल्या हाडात आहे. इथे ती विसरा. नोझलचं छिद्र आणि त्यामागचे तेलाला गरगर फिरवणारे खाचे फार बारकाईने केलेले असतात. पिन, तार, सुई, काहीही घातलं की छिद्राची कड जाते आणि फवारा एका बाजूला झुकतो.

नोझल स्वच्छ डिझेलमध्ये भिजवा, मऊ ब्रशने पुसा, हवेच्या झोताने फुंकून काढा. एवढ्याने साफ झालं नाही तर नवीन बसवा. नवीन घेताना तीन गोष्टी जुन्याशी जुळवा : जीपीएच, फवाऱ्याचा कोन (45, 60 किंवा 80 अंश) आणि फवारा भरीव की पोकळ. दुकानदार "हे पण चालतं" म्हणाला तरी ऐकू नका. कोन चुकला तर फवारा भट्टीच्या भिंतीवर आपटतो आणि तिथे कोकचा थर जमतो.

4. इलेक्ट्रोड आणि डिफ्यूझर

इलेक्ट्रोडवरची काजळी कोरड्या फडक्याने पुसा. पांढऱ्या पोर्सेलीनला केसाएवढी चीर असली तरी तो बदला, कारण ठिणगी टोकाला न पडता चिरेतून बॉडीला जाते. दोन टोकांमधलं अंतर बहुतेक छोट्या बर्नरमध्ये 3 ते 5 मिलिमीटर असतं. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल, तोच धरायचा. टोकं फवाऱ्याच्या आत आली तर त्यांच्यावर कार्बन धरतो आणि ठिणगी बंद होते.

डिफ्यूझर म्हणजे नोझलसमोरची खाचांची चकती. ती हवेला गरका देते आणि जाळ जागेवर धरून ठेवते. तिच्या खाचांतली काजळी ब्रशने काढा.

5. फोटोसेल आणि त्याची परीक्षा

काच मऊ कोरड्या फडक्याने पुसायची. मग बर्नर पूर्ण जोडून सुरू करा आणि ही परीक्षा घ्या : जाळ लागलेला असताना फोटोसेल त्याच्या जागेतून बाहेर काढा आणि पुढून मुठीत झाका. उघड्या वायरला हात लावायचा नाही. तेल लगेच बंद व्हायला हवं. काही कंट्रोलर एकदा पुन्हा प्रयत्न करून मग लॉकआउटला जातात, काही थेट जातात. पण अंधार असताना बर्नर जळतच राहिला, तर बर्नर तिथेच बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत चालू करू नका. प्रॉडक्शन मॅनेजर स्वतः खाली आले तरी.

फोटोसेल पुन्हा पुन्हा काळा होत असेल तर तो पुसत बसणं हा इलाज नाही. काजळी कुठून येते ते शोधा.

6. हवा आणि धूर

पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि तेलाचा चिखल बसतो, तो खरवडून काढा. नाहीतर डॅम्पर तेवढाच उघडा असूनही हवा कमी जाते.

मग धुराड्याकडे बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा फवारा खराब. पांढरा धूर म्हणजे बहुधा हवा फार जास्त किंवा तेल न जळता वाफ होऊन जातंय. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, फ्लू गॅस अ‍ॅनालायझर लावा. ऑइल बर्नरला धुरातला ऑक्सिजन साधारण 3 ते 4.5 टक्के असेल तर हवा योग्य समजायची.

फर्नेस ऑइलवर चालणाऱ्यांनी तेलाचं तापमानही बघायचं. हे तेल गार असताना काकवीसारखं घट्ट असतं. प्रेशर जेट नोझलमधून त्याचा नीट फवारा व्हायला ते सहसा 100 ते 120 अंशांपर्यंत तापवावं लागतं. हीटर कमी पडला की जाळात चांदण्या उडताना दिसतात.

पैशाची भाषा

मालकाला 'काजळी' म्हटलं तर तो ऐकतोच असं नाही. लिटर म्हटलं की ऐकतो. ढोबळ नियम असा : धुराड्याचं तापमान दर 22 अंशांनी वाढलं की कार्यक्षमता सुमारे 1 टक्का घटते. ट्यूबवर काजळी बसली की उष्णता पाण्यात न जाता धुराड्यातून उडून जाते. 3 मिलिमीटर काजळीने इंधनाचा खर्च साधारण 2.5 टक्के वाढतो.

तुमचा बर्नर तासाला 50 लिटर खातो आणि दिवसाला 16 तास चालतो असं धरा. म्हणजे 800 लिटर. धुराड्याचं तापमान 44 अंशांनी वाढलं, तर 2 टक्के, म्हणजे रोजचे 16 लिटर. 26 दिवसांचे 416 लिटर. दर महिन्याला दोन बॅरल तेल धुरात. हा हिशोब कागदावर मांडून दाखवा, गाळणी आणि नोझलचे पैसे मंजूर व्हायला अडचण येत नाही.

कधी काय करायचं

- रोज : टँकचा ड्रेन, पंपाचं प्रेशर, धुराड्याचं तापमान, जाळाचा रंग आणि धूर, गळती. सगळं लॉगबुकात.
- दर आठवड्याला : गाळणी धुणं, फोटोसेल पुसणं आणि त्याची अंधार-परीक्षा.
- दर महिन्याला : नोझल, इलेक्ट्रोड, डिफ्यूझर, कपलिंग, पंखा, डॅम्परचे सांधे.
- दर सहा महिन्यांनी किंवा वार्षिक तपासणीच्या वेळी : अ‍ॅनालायझर लावून हवा-तेलाचं पूर्ण ट्यूनिंग, नवीन नोझल, ट्यूबमधली काजळी साफ, सगळे इंटरलॉक तपासणं.

तेल खराब असेल किंवा बर्नर तीन शिफ्ट चालत असेल तर हे अंतर कमी करा.

लॉगबुकाचा रोज एक फोटो ग्रुपवर टाका किंवा शीटमध्ये आकडे भरा. तापमान आजचं किती यापेक्षा गेल्या महिन्यापेक्षा किती वाढलं, हे जास्त बोलकं असतं. जाळाचा व्हिडिओ बघण्याच्या काचेतून घेता येतो, तोही जपून ठेवा. फक्त तेलाची टाकी उघडलेली असताना फोन खिशातही नको.

कायदा काय म्हणतो

1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसं गेली. त्यानंतर तपासणीचे कायदे यायला लागले. पुढे 1923 चा भारतीय बॉयलर कायदा आला आणि आता त्याची जागा 2025 च्या नव्या कायद्याने घेतली आहे. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय बघतं. बॉयलर चालवणारा माणूस प्रमाणपत्रधारक असावा लागतो. बर्नरची साफसफाई तुम्ही करू शकता. पण बॉयलरच्या दाब सहन करणाऱ्या भागांना, म्हणजे ट्यूब, शेल यांना, परस्पर वेल्डिंग करता येत नाही.

रिसेटचा नियम

लॉकआउट आला तर रिसेट एकदाच दाबायचा. पुन्हा आला तर हात मागे घ्यायचा, तेल बंद करायचं, भट्टीत तेल साचलंय का ते बघायचं आणि कारण शोधायचं. लाल दिवा म्हणजे मशीन बिघडलं असं नाही. बहुतेक वेळा मशीनने आपलं काम चोख केलेलं असतं.

त्या कंपनीत नवीन नोझल आणि जाळी बसवून, टाकीचा गाळ काढून, हवा जुळवून बर्नर सुरू केला. पोराला फोटोसेल त्याच्याच हाताने झाकायला लावला. जाळ विझला, लाल दिवा लागला. मग भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत त्याच्याकडूनच लिहून घेतलं : 'रिसेट एकदाच.' तुमच्या बॉयलर हाउसच्या भिंतीवरही ते लिहून ठेवा. पुढच्या शिफ्टला येणाऱ्याला ही साखळी माहीत असेलच असं नाही.